डोळ्यांआधी मडकं

वांगं जांभळं असतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच्याकडून वांग्याचं चित्र काढून घेणं महाकठीण. मी खरं वांगं आणते, खिडकीपाशी ठेवते, एका बाजूनेच उजेड येईल अशी सोय करते. समोरचा एकदा बघतो, मान डोलावतो आणि जांभळा खडू उचलतो. पुढचा अर्धा तास त्या बिचाऱ्या वांग्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वांगं जवळजवळ काळं दिसतंय, वरच्या अंगाला खिडकीचा पांढरा चौकोन चमकतोय, खाली पोटाशी अंथरलेल्या पिवळ्या फडक्याचा तांबूस उजेड चढलाय, हे सगळं नाकासमोर असतं. पण बघायचं कशाला? वांगं जांभळं असतं, हे शाळेत सांगितलेलं आहे ना!

ह्या एका गोष्टीचा मला संताप येतो आणि त्या संतापावरच माझं काम चालतं. मी चित्रकला शिकवते. शनिवारी संध्याकाळी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, समाजमंदिरात आणि रविवारी सकाळी पेणला, बंद पडलेल्या एका शिवणक्लासच्या खोलीत. दिवाळी अंकात आठवणी लिहायचं माझं वय नाही, अजून तिशीही आली नाही. पण बोलायला जागा मिळाली की मी सोडत नाही.

चित्रकला शिक्षिकेचा डिप्लोमा करून बाहेर पडले तेव्हा नोकरीसाठी पुष्कळ शाळा फिरले. सगळीकडे एकच उत्तर, ‘जागा निघाली की कळवू.’ त्या जागा अजून निघतच आहेत. दरम्यान वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतोच, फक्त त्यात गणिताचा राहिलेला भाग पुरा होतो. मग मी पत्रक काढलं, ‘चित्रकलेचा तास कुणी पळवला?’ रोह्याच्या एसटी स्टँडवर उभी राहून वाटलं. एका वडापाववाल्या काकांनी गठ्ठाच मागून घेतला. मला वाटलं, चळवळीला पहिला पाठिंबा! तासाभराने माझ्या मागण्या तेलकट होऊन लोकांच्या हातात फिरत होत्या. पण एक सांगते, वडा संपल्यावर माणसं त्या वाचत होती.

पत्रकाने तास काही परत आला नाही. म्हणून क्लास काढला.

ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. सुरुवातीला नुसत्या रेघा. आडव्या, उभ्या, तिरक्या, आणि त्याही मनगटातून नाही, खांद्यातून. मग गोल, मग लंबवर्तुळं. पानंच्या पानं. पालक येऊन भांडतात, ‘मॅडम, पोरगी महिना झाला नुसत्या रेघा ओढतेय, सूर्यास्त कधी?’ मी सांगते, सूर्यास्त रोज होतो, त्याला तुमच्या मुलीची गरज नाही. दुसरा प्रश्न ठरलेला, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला मार्क किती वाढतात? अष्टमीच्या क्लासमध्ये एक मुलगी होती, तिची रेघ अशी की पाण्यावरून वारा जावा. नववीत गेल्यावर शनिवारी सायन्सची ट्युशन आली आणि ती गेली. तिच्या आईशी मी भांडले. हरले. अजून लागून राहिलंय.

रेघांनंतर वस्तुचित्र. टेबलावर मडकं, तांब्या, दोन कांदे, एक फडकं. इथे खरी मारामारी. तांब्याचं तोंड गोल असतं, कबूल. पण टेबलावरच्या तांब्याचं तोंड खुर्चीत बसून गोल दिसत नाही, चपटं दिसतं. तांब्या उचलून बरोबर डोळ्यांसमोर धरला तर नुसती आडवी रेघ. उभं राहून वरून बघितलं की परत गोलाकडे. तांब्या तोच, बदलली ती आपल्या नजरेची पातळी. एवढं ज्याला उमगलं त्याला अर्धं वस्तुचित्र आलं. पुढे माप. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि उभ्या पेन्सिलीवर अंगठा सरकवून बघायचं, रुंदीच्या किती पट उंची आहे.

अष्टमीच्या क्लासला ठाकूरकाका येतात. धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर, पहिली शिफ्ट संपवून थेट क्लासला. पहिल्याच दिवशी एक डोळा मिटून त्यांनी मडक्याचं माप घेतलं, शेजारणीला तिचं विचारलं आणि हात वर केला.

“मॅडम, आम्हा दोघांचं रीडिंग वेगळं येतंय. मडकं तर एकच हाय.”

“तुम्ही दोघं वेगवेगळ्या जागी बसलाय ना काका.”

“मग बरोबर कुणाचं?”

“दोघांचं.”

ठाकूरकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. “कंपनीत असं चालत नाय,” ते म्हणाले. पण दुसऱ्या शनिवारी आले.

त्याच समाजमंदिरात एकदा मी तांब्याचा कलश, त्यावर नारळ आणि पाच पानं अशी मांडणी करून खाली झेरॉक्स काढायला गेले. परत येऊन बघते तो झाडलोट करणाऱ्या मावशींनी कलशाला हळदकुंकू वाहिलेलं, पुढे उदबत्ती, आणि अख्खा क्लास हात जोडून उभा. मला नारळ थोडा डावीकडे फिरवायचा होता.

“हात लावू नको गो,” मावशी म्हणाल्या, “मांडलेली पूजा अशी हलवतात काय!”

शेवटी नारळ तिथेच राहिला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती जागा बदलून बसलो. उदबत्तीच्या धुरासकट चित्रं काढली. धूर मात्र सगळ्यांनी बघून काढला, कारण धुराचा रंग कुणाला पाठ नव्हता.

पेणच्या खोलीत सुगंधाताई आली ती गेल्या वर्षी, दिवाळी नुकतीच सरली होती. पंचेचाळिशीची, खाडीकडच्या गावातली, सासर मिठागरवाल्यांचं. नाना म्हणून आहेत, त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात ती कित्येक वर्षं रंगकाम करते. पितांबर, शेला, दागिने, सगळं तिचं. दारातूनच तिने विचारलं,

“मॅडम, डोळे शिकवता काय?”

“नाही. मडकं शिकवते.”

“मडकं कशाला? मला डोळे पायजेत.”

पेणबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. बाकी रंग कुणीही लावेल, आखणी एकाच हाताची. जुनी गिऱ्हाईकं डोळे बघून कारखाना ओळखतात. पेणमध्ये आखणी करणाऱ्या बायका नाहीत असं मुळीच नाही. नानांच्या कारखान्यात मात्र नव्हत्या. तिथे आखणी बबनकाकांची. आता काकांचा हात कापायला लागला होता आणि ते ह्या सीझननंतर थांबणार होते. नानांनी सांगून टाकलं होतं की डोळ्यांसाठी बाहेरून माणूस आणायचा. सुगंधाताईला ते काम हवं होतं. डोक्यात दुसरं काही नव्हतं. “सगळा देव मी रंगवायचा आणि तोंडाशी आलं की बाजूला सरकायचं,” ती म्हणाली. “किती वर्षं सरकू?”

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रक तयार झालं. पण आधी मी तिला मडकं दिलं.

तिने ते किती पटकन काढलं! एका दमात, खोडरबर न घेता, डावी बाजू उजवीसारखी. आणि दोन्ही बाजूंना एकेक झकास पांढरी चमक.

“उजेड कुठून येतोय?” मी विचारलं.

“खिडकीतून.”

“मग ह्या बाजूला चमक कशी?”

“आमच्यात दोन्हीकडे मारतात. नायतर मूर्ती एका अंगाने उपाशी दिसते.”

हे भांडण पुढे महिनोन्‌महिने चाललं. मी म्हणायची, बघून काढ. ती म्हणायची, बघितलं की. तिचा हात इतका तयार की डोळ्याला कामच उरलं नव्हतं. मग मी तिला कागदाकडे न बघता काढायला लावलं, नजर फक्त वस्तूवर, पेन्सिल आपली चालेल तिकडे. तिच्या तांब्याला दोन तोंडं आली, ती पोट धरून हसली. वस्तू उलटी टांगून काढायला लावली. “हिचं डोकं पण असंच उलटं हाय,” ती शेजारच्या बाईला माझ्यादेखत म्हणाली.

एका रविवारी सगळ्यांना घरून एक वस्तू आणायला सांगितली होती. सुगंधाताईने ताटलीत मूठभर खडेमीठ आणलं. ढीग करून ठेवलं आणि मला आव्हान दिलं, “काढ आता. कागद पांढरा, मीठ पांढरं.” मी म्हटलं, मी नाही, तू काढ. ती बघत बसली. खूप वेळ. मग मिठाला हात न लावता तिने त्याच्या मागची काळोखी भरली, ढिगाची सावली भरली, खड्यांच्या मधले बारीक करडे कोपरे भरले. मधला कागद कोरा राहिला आणि त्या कोऱ्या जागेत मीठ उभं राहिलं.

“अगो बाई,” ती म्हणाली, “मी तर काहीच काढलं नाय!”

त्या दिवसापासून ती सुटली. बघेल ते काढेल. आणि जे झालं ते त्यामुळेच झालं.

सीझन तोंडावर आला तशी नानांनी तिला एक लहान मूर्ती आखायला दिली. म्हणजे ती हात धुऊन मागे लागली होती आणि बबनकाकांनी शब्द टाकला, म्हणून दिली. दुपारी मला फोन आला. पलीकडून नाना, “मॅडम, येऊन तुमची करामत बघून जा.”

गेले. पिशवीत पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊनच गेले. कारखान्यात रांगेने मूर्ती बसलेल्या, मधे फिरत्या पाटावर ती एक. समोरून बघितलं. एक डोळा मोठा, एक बारीक, दोन्ही बुबुळं दाराकडे वळलेली, पांढरा ठिपका एकाच डोळ्यात.

“बाप्पा एसटीची वाट बघतायत,” एक कामगार म्हणाला.

“कोलाडवरून येणारी. लेट हाय,” दुसरा म्हणाला.

सुगंधाताई एका कडेला उभी, हाताला रंग तसाच. नाना माझ्यावर वळले. “बरा हात चालत होता हिचा. तुम्ही काय शिकवलंत?”

आता मी गप्प बसणारी नाही. मी पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, प्रश्न एका मूर्तीचा नाही, प्रश्न बायकांना काम शिकायची संधी मिळत नाही हा आहे! बबनकाकांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा लावून मोठ्याने वाचला, “‘आखणीची मक्तेदारी मोडून काढा!’ मक्तेदारी कुणाची, माझी? अहो पत्रकवाल्या बाई, मला घरात चहाच्या कपाची पण मक्तेदारी नाय. नातवंडं त्यात ब्रश बुडवतात.”

कारखाना हसला. मी चिडले. चिडून मूर्तीभोवती फेऱ्या मारायला लागले आणि एका ठिकाणी थबकले. मूर्तीच्या उजव्या हाताला, जरा खाली, सुगंधाताईचा बसायचा पाट होता. समोर बसलं तर तिचीच सावली मूर्तीवर पडत होती, म्हणून ती बाजूला बसली होती. मी त्या पाटावर बसले.

“नाना, इकडे या. इथे बसा.”

“मी कशाला बसू?”

“बसा म्हणते ना!”

नाना कुरकुरत बसले. मान वर केली. तिथून दोन्ही डोळे सारखे होते. उजेड जसा दारातून येत होता तसाच डोळ्यांत पडला होता, पापणीची सावली बुबुळावर उतरली होती. असे जिवंत डोळे त्या कारखान्यात कुणी आखले नव्हते. अगदी बबनकाकाही वाकून बघून गेले आणि “आयला!” म्हणाले.

“दिसलं?” मी जिंकल्यासारखी म्हटलं.

“दिसलं,” नाना म्हणाले. “मग गिऱ्हाईकाला हा पाट पण द्यायचा काय मूर्तीबरोबर? आणि सांगायचं, आरती हिथेच बसून करा?”

मी बबनकाकांच्या हातातला माझा कागद घेऊन परत पिशवीत कोंबला. असं फार क्वचित होतं. कागदावरचं मडकं एका जागेवरून बघितलेलं असतं आणि तसंच ते बघायचं असतं. मूर्ती घरभर माणसं बघणार. मी सुगंधाताईला बघायला शिकवलं होतं, पण एका जागी बसून. बबनकाकांनी फडकं घेतलं, दोन्ही डोळे पुसून पांढरा मारला आणि वाळायला ठेवलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, उद्याच पत्रक छापते. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

“पत्रक काढलंस तर मी क्लासला पाय ठेवणार नाय! माझे डोळे चुकले ते चुकले. तुझ्या कागदाने सरळ होणार हायेत काय? उद्या पत्रक वाचून नानांनी मला काम दिलं, तर सगळी म्हणतील, बाईने भांडून दिलं. मला काम येतं म्हणून पायजे.”

“मग काय करू?”

“मला फिरून बघायला शिकव गो पोरी. तुला येतंय ते सगळं शिकव.”

खरं सांगायचं तर ते मलाही येत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ते शोधून काढलं. पुढच्या रविवारपासून खोलीच्या मधोमध मडकं आणि सगळ्यांनी दर थोड्या वेळाने उठून जागा बदलायची. एकच मडकं समोरून, कडेने, फरशीवर बसून, बाकावर उभं राहून. एक आजोबा गुडघे धरून म्हणाले, “मॅडम, चित्रकला म्हणून नाव घातलं होतं, हा तर योगासनांचा क्लास निघाला.” सुगंधाताई एकटी तक्रार करत नव्हती. मडक्याच्या जागी तिने घरातला जुना, रंग गेलेला गौरीचा मुखवटा आणून ठेवला. त्याच्यावर पाण्याने डोळे आखायचे, चारी बाजूंनी फिरून बघायचं, पुसायचं. परत आखायचे. पाणी वाळलं की चूक पण जाते, हे तिला फार आवडायचं. कारखान्यात मात्र ती पितांबरच रंगवत होती. नानांनी पुन्हा विषय काढला नव्हता.

मग आली मोठी मूर्ती. कोलाड नाक्याजवळच्या एका मंडळाची, उभी, परांचीवर चढल्याशिवाय तोंडाला हात पोहोचणार नाही एवढी. सगळं झालं होतं, डोळे राहिले होते, आणि त्याच दिवशी न्यायला मंडळाची माणसं ट्रक घेऊन आली होती. त्यांना उजेड आहे तोवर महामार्गावरचा पल्ला संपवायचा होता. (महामार्गाच्या खड्ड्यांविषयी मी इथे लिहिणार नाही, त्याची पत्रकं वेगळी आहेत.) बबनकाका दोन पायऱ्या चढले आणि उतरले. हात थरथरत होते, आता पायही. नानांनी बाहेरच्या माणसाला फोन लावला, तो दुसऱ्या कारखान्यात अडकलेला. तेव्हा बबनकाका म्हणाले, “हिला चढवा. मी खालून सांगतो.”

मी तिथे होते, कारण ताईने निरोप धाडला होता, ‘ये, आणि तोंड बंद ठेव.’

तिने ब्रश हातात घेतला नाही. आधी मंडळाच्या पोरांना विचारलं, “चौथरा केवढा केलाय?”

“माझ्या छातीएवढा,” एकजण म्हणाला.

“आणि माणसं कुठून बघणार?”

“बांबू बांधलेत ना, त्याच्या मागून.”

तिने मला आणि नानांना शेडच्या टोकाला नेलं आणि म्हणाली, “बसा खाली. तिथे चौथरा हाय, हिथे नाय, तर तुम्हीच खाली व्हा.” नाना फरशीवर बसले. मी बसले. ती पण आमच्यात येऊन बसली, मूर्तीच्या कोऱ्या डोळ्यांकडे बघत. मग चढली. पेन्सिलीने हलकी खूण केली, उतरली, आमच्याजवळ येऊन बसली, डावीकडे सरकली, उजवीकडे गेली, परत चढली. परत उतरली. मंडळाची पोरं घड्याळ बघायला लागली.

“ताई, गाडी उभी हाय!” बबनकाका ओरडले.

“बाप्पा पण उभाच हाय, त्याची काय तक्रार नाय!” वरून उत्तर आलं.

शेवटी तिने रंग घेतला आणि दोन्ही डोळे पुरे केले. खूण करताना ती घाबरली असेल, आखताना नाही. ती रेघ खांद्यातून आली होती, मी बघितली. नाना उठून घाईने शिडीवर चढले, बाप्पाच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि तिथूनच ओरडले, “हे काय! देव पेंगतोय! बुबुळं खाली घसरली, वरच्या पापणीने अर्धी झाकली. झोपवलास तू देवाला!”

मंडळाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझी जीभ वळवळत होती, मी ती दातांत धरली.

“नाना, खाली या,” सुगंधाताई म्हणाली.

“मी बघितलं ना जवळून!”

“जवळून कोण बघणार हाय? हिथे या आणि बसा.”

नाना उतरले, शेडच्या टोकाला आले. बसायच्या आधीच त्यांची चाल मंदावली. बसले. वर बघितलं. डावीकडे सरकले, वर बघितलं. उजवीकडे गेले. साठीचा माणूस फरशीवर ढुंगणाने सरकत होता आणि कुणी हसलं नाही. खालून बघितलं की ते पेंगलेले डोळे सरळ उघडत होते आणि नजर तुमच्यावर उतरत होती. तांब्याचं तोंड नजरेच्या पातळीबरोबर बदलतं, हे धरून तिने डोळे आपल्या पातळीवरून काढलेच नव्हते. बांबूच्या मागे उभ्या राहणाऱ्या, तिने कधी न बघितलेल्या माणसांच्या पातळीवरून काढले होते.

बबनकाकांनी खूप वेळ बघितलं. “मी बुबुळ एवढं खाली धरलं नसतं,” ते म्हणाले. मग चष्मा पुसत, “ऱ्हाऊ दे.”

“चला, ट्रकात चढवा!” नाना मंडळाच्या पोरांवर ओरडले. पेंढा, गोणपाट, दोरखंड, एकच गडबड. त्या गडबडीत जाता जाता नाना तिला म्हणाले, “सुगंधा, उद्या सकाळपासून पितांबराला हात लावू नकोस. लहान मूर्ती बऱ्याच ऱ्हायल्यात. दाराजवळ बस, तिथे उजेड बरा असतो.” एवढंच. अभिनंदन नाही, काही नाही. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, “दाराजवळ नको. सावली पडते. पाट मधे घ्या.”

बाहेरच्या माणसाला परत फोन गेला नाही. पुढचे दोन रविवार ती क्लासला आली नाही. कशाला येईल, सीझन होता.

गणपतीत आम्ही दोघी कोलाडला गेलो. संध्याकाळची वेळ, बांबूच्या मागे हीऽऽ गर्दी. चौथऱ्यावर तो उभा. मी रांगेतून डावीकडे सरकून बघितलं, मग उजवीकडे, मग जरा वाकून. माझ्याकडेच बघत होता. परत डावीकडे गेले तसा मंडळाचा एक कार्यकर्ता वैतागला.

“ताई, पुढे चला की!”

“मी डोळे तपासतेय.”

“तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतंय ना? मघापासून सगळी तेच म्हणतायत. चला, मागे रांग हाय.”

मी तोंड उघडलं. ‘हे डोळे कुणी आखलेत माहीत आहे का,’ हे वाक्य बाहेर पडणार एवढ्यात ताईने माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. आम्ही पुढे सरकलो. तेवढ्यात आमच्या पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसलेली छोटी मुलगी, गर्दीच्या डोक्यांवरून, आमच्यापेक्षा चांगल्या उंचावरून बाप्पाकडे बघत म्हणाली,

“पप्पा, बाप्पाला झोप आलीय.”

मी लगेच सुगंधाताईकडे बघितलं, तर ती त्या मुलीकडे बघत होती, मग मूर्तीकडे, मग परत मुलीकडे. एक डोळा मिटून, उंचीचा अंदाज घेत.

“खांद्यावरची पोरं हिशेबात धरलीच नाय गो आपण,” ती म्हणाली.